एकच वाचनालय, दोन आराखडे: संकल्पना नकाशा आणि डेटा मॉडेल कसे काढावे

एखाद्या संस्थेच्या नोंदी संगणकावर आणायच्या ठरल्या, की बहुतेक जण एक्सेलची फाइल उघडून थेट रकाने आखायला बसतात. आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या नोंदी संगणकावर घेण्याचे काम मी हाती घेतले तेव्हा मीही हेच केले, आणि तीन आठवडे भरलेल्या नोंदी पुन्हा पहिल्यापासून भराव्या लागल्या. टंकलेखनात चूक झालेली नव्हती. ‘पुस्तक’ हा एकच शब्द मी दोन निराळ्या अर्थांनी वापरत होतो आणि ते मला रकाने आखताना कळलेले नव्हते, एवढेच कारण होते. विचार आधी कागदावर मांडण्याच्या दोन पद्धती, म्हणजे संकल्पना नकाशा आणि डेटा मॉडेल, मी त्यानंतर शिकलो. या दोहोंची तुलना नुसत्या व्याख्या वाचून नीट उमगत नाही. एकच विषय घेऊन दोन्ही आराखडे स्वतः काढले, की प्रत्येक पद्धत काय विचारते आणि काय सोडून देते हे कळते. म्हणून हा लेख वाचनालयाचे एकच उदाहरण घेऊन पायरीपायरीने लिहिला आहे. कागद, पेन्सिल आणि चिठ्ठ्या एवढे साहित्य पुरेसे आहे.

दोन पद्धती कोणत्या गरजेतून आल्या

संकल्पना नकाशाची पद्धत अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ पासून विकसित केली. विज्ञानाविषयीची मुलांची समज काळानुसार कशी बदलत जाते याचा ते अभ्यास करत होते. मुलाखतींची पानेच्या पाने हाताशी होती, परंतु एखाद्या मुलाच्या मनात कोणती कल्पना कोणत्या कल्पनेला कशी जोडली गेली आहे, हे त्या पानांतून एका नजरेत दिसत नव्हते. संकल्पना चौकटीत लिहायच्या आणि त्यांना जोडणाऱ्या रेषेवर संबंध सांगणारे शब्द लिहायचे, ही रीत त्यातून आली. शिकणाऱ्याला आधीपासून जे ठाऊक असते त्याला जोडले गेलेले ज्ञानच अर्थपूर्ण ठरते, हा डेव्हिड ऑसुबेल यांचा सिद्धान्त तिच्या मुळाशी आहे.

डेटा मॉडेलची गरज निराळी होती. मोठ्या माहितीसाठ्याचा वापर अनेक जण अनेक कारणांसाठी करू लागले, की माहिती साठवण्याची पद्धत आणि माहितीचा अर्थ यांची गल्लत होते. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती तक्त्यांच्या रूपात मांडणारे रिलेशनल मॉडेल सुचवले, आणि १९७६ मध्ये पीटर चेन यांनी एन्टिटी-रिलेशनशिप (म्हणजे वस्तू आणि त्यांचे संबंध) मॉडेल मांडले, ज्यात वस्तूंसाठी आयत, संबंधांसाठी हिऱ्याच्या आकाराची चौकट आणि गुणधर्मांसाठी लंबवर्तुळ काढतात. थोडक्यात, पहिली पद्धत एका माणसाची समज पाहण्यासाठी आणि दुसरी अनेकांनी वापरायचा साठा विसंगतीशिवाय टिकवण्यासाठी जन्माला आली. दोन्ही कागदांवर चौकटी आणि रेषाच दिसतात, त्यामुळे नवख्या माणसाला त्या सारख्या वाटतात. काढायला बसल्यावर मात्र हा मूळचा फरक पदोपदी जाणवतो.

पहिली पायरी: प्रश्न लिहा

कागदाच्या डोक्यावर विषयाचे नाव लिहू नका, प्रश्न लिहा. ‘वाचनालय’ असे लिहिले तर इमारतीच्या छपरापासून कार्यकारिणीच्या निवडणुकीपर्यंत सगळेच त्यात येऊ पाहते. मी लिहिलेला प्रश्न असा होता: ‘पुस्तक वाचकाच्या हातात कसे पोहोचते आणि परत कसे येते?’ नोवाक यांच्या पद्धतीत याला केंद्रप्रश्न म्हणता येईल. पुढे एखादी संकल्पना ठेवावी की काढावी असा संभ्रम पडला, तर निवाडा या प्रश्नानेच करायचा असतो.

दुसरी पायरी: शब्द गोळा करा, पण साफ करू नका

आता पंधरा ते पंचवीस शब्द गोळा करावेत आणि एका चिठ्ठीवर एकच शब्द लिहावा. शब्द आपल्या मनाने घडवण्यापेक्षा ग्रंथपालांच्या बोलण्यातून आणि जुन्या नोंदवह्यांतून घ्यावेत, कारण कामाचा शब्द त्या कामाचा अनुभव सोबत घेऊन येतो. माझ्या चिठ्ठ्यांवर असे शब्द आले: पुस्तक, प्रत, सभासद, वाचक, वर्गणी, अनामत रक्कम, दाखल नोंदवही, दाखल क्रमांक, देवघेव, विलंब शुल्क, लेखक, अनुवादक, विषय, कपाट, ग्रंथपाल, शिफारस, वाचनाची गोडी.

‘सभासद’ आणि ‘वाचक’ एकच नाहीत का, ‘वाचनाची गोडी’ ही काय नोंदवण्याची गोष्ट आहे का, असे प्रश्न इथे मनात येतील. ते येऊ द्यावेत, परंतु चिठ्ठी फाडू नये. वर्तमानपत्र वाचायला रोज सकाळी येणारे आजोबा वाचक आहेत, सभासद नाहीत. हा फरक त्या दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी राहिल्यामुळेच माझ्या लक्षात आला.

तिसरी पायरी: बाणांवर मराठीत लिहा

सर्वांत व्यापक संकल्पना वर आणि नेमक्या संकल्पना खाली, अशा चिठ्ठ्या मांडून त्यांच्यामध्ये बाण काढावेत आणि प्रत्येक बाणावर संबंध लिहावा. बाणावर काहीच न लिहिणे ही नवख्यांकडून सर्वाधिक होणारी चूक आहे. कोऱ्या रेषेचा अर्थ ‘यांचा काहीतरी संबंध आहे’ एवढाच होतो, आणि तो तर चिठ्ठ्या निवडतानाच आपल्याला ठाऊक होता. मधोमध एक शब्द लिहून त्याच्या फांद्या काढल्या जातात ते माइंड मॅप. त्यात रेषा कोऱ्या चालतात, संकल्पना नकाशात चालत नाहीत. दोन चौकटी आणि मधला बाण मिळून एक पूर्ण, खरे-खोटे करता येण्याजोगे विधान झाले पाहिजे.

मराठीत नकाशा काढताना इथे एक खरी अडचण येते. इंग्रजीत क्रियापद कर्ता आणि कर्म यांच्या मध्ये येत असल्यामुळे चौकट, बाण, चौकट असे ओळीने वाचले की वाक्य तयार होते. आपल्याकडे क्रियापद शेवटी येते. शिवाय प्रत्यय लागला की नामाचे सामान्यरूप होते. ‘सभासद, भरतो, वर्गणी’ हे कानाला खटकते, आणि चौकटीत ‘प्रतीला’ असे लिहिले तर तीच चौकट दुसऱ्या बाणासाठी निरुपयोगी ठरते. मी यावर एक साधी रीत ठरवली आहे. चौकटीत शब्द नेहमी मूळ रूपात लिहावा, प्रत्यय आणि क्रियापद दोन्ही बाणावर लिहावेत, आणि वाचताना आधी दोन्ही चौकटी व शेवटी बाण वाचावा. ‘प्रत’ आणि ‘दाखल क्रमांक’ या चौकटींमधल्या बाणावर ‘-ला असतो’ असे लिहिले, की ‘प्रतीला दाखल क्रमांक असतो’ हे वाक्य सहज तोंडी येते.

या रीतीचा आणखी एक फायदा पुढे डेटा मॉडेल काढताना होतो. ‘-चा, -ची, -चे’ असा प्रत्यय असलेला बाण बहुधा पुढे तक्त्यातला एक रकाना होतो: सभासदाचा पत्ता, प्रतीची किंमत. ज्या बाणावर ‘नेतो’, ‘भरतो’, ‘सुचवतात’ यांसारखे सकर्मक क्रियापद असते, तो बाण अनेकदा स्वतःचा स्वतंत्र तक्ता मागतो. हा नियम बहुधा लागू पडतो, नेहमी नाही. ‘पुस्तकाचा लेखक’ याच ठिकाणी तो फसतो, आणि त्याकडे आपण पुढे येणार आहोत.

नकाशा एका बैठकीत पुरा होत नाही. दुसऱ्या दिवशी तो मोठ्याने वाचावा आणि दूरदूरच्या चौकटींना जोडणारे आडवे दुवे शोधावेत. माझ्या नकाशात ‘ग्रंथपाल’ डाव्या कोपऱ्यात आणि ‘वाचनाची गोडी’ उजव्या कोपऱ्यात होती. दुसऱ्या वाचनात त्यांच्यामध्ये ‘शिफारस’ येऊन बसली: ग्रंथपाल वाचकाला पुस्तकाची शिफारस करतात, शिफारशीमुळे वाचनाची गोडी लागते, गोडीमुळे वाचक सभासद होतो. वाचनालय टिकते कशावर, हे त्या कागदावर मला प्रथम दिसले ते या आडव्या दुव्यांत.

चौथी पायरी: प्रत्येक चौकटीला तीन प्रश्न विचारा

आता दुसरा कागद घ्यावा. पहिला फेकू नये, शेजारी ठेवावा. नकाशातल्या प्रत्येक चौकटीला तीन प्रश्न विचारायचे आहेत. या प्रकारच्या अनेक गोष्टी आहेत का, आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखायच्या आहेत का? त्या कशावरून ओळखायच्या? त्यांच्याबद्दल आपल्याला नेमके काय लिहून ठेवायचे आहे?

तिन्ही प्रश्नांना उत्तर मिळाले, तर ती चौकट तक्ता होण्यास पात्र आहे. ‘सभासद’ अनेक आहेत, सभासद क्रमांकावरून ओळखता येतात, त्यांचे नाव, पत्ता, अनामत रक्कम नोंदवायची आहे, तक्ता झाला. ‘कपाट’ अनेक असली तरी आपल्याला कपाटाबद्दल त्याच्या क्रमांकापलीकडे काही लिहायचे नाही, म्हणून तो प्रतीच्या तक्त्यातला रकाना झाला. ‘दाखल नोंदवही’, म्हणजे वाचनालयात आलेली प्रत्येक प्रत क्रमांक देऊन नोंदण्याची वही, एकच आहे; तिचा तक्ता होत नाही, कारण प्रतींचा सगळा तक्ता हीच नवी दाखल नोंदवही. ‘वाचनाची गोडी’ ना मोजता येते, ना तिला क्रमांक देता येतो. ती या कागदावर येणार नाही.

पाचवी पायरी: ‘पुस्तक’ फोडा

हेच तीन प्रश्न ‘पुस्तक’ या चौकटीला विचारा आणि थोडा वेळ तिथेच थांबा, कारण दोन्ही पद्धतींमधला फरक इतका स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतो.

समजा, वाचनालयात एका कादंबरीच्या चार प्रती आहेत. ‘हे पुस्तक मी वाचले आहे’ असे एखादी सभासद म्हणते, तेव्हा तिने त्या चारपैकी कोणती प्रत वाचली याला काही महत्त्व नसते. ‘हे पुस्तक फाटले आहे’ असे तीच म्हणते, तेव्हा मात्र ती एका विशिष्ट प्रतीबद्दल बोलते आणि उरलेल्या तीन शाबूत असतात. रोजच्या बोलण्यात हे दोन अर्थ सुखाने एकत्र नांदतात, आणि संकल्पना नकाशाही त्यांना एका चौकटीत नांदू देतो. ऐकणाऱ्याला संदर्भ कळतो. तक्त्याला संदर्भ कळत नाही. एका ओळीत एकाच गोष्टीची नोंद हवी.

माझी पहिली फाइल इथेच फसली होती. शीर्षक, लेखक आणि ‘प्रती’ असे रकाने करून ‘प्रती’खाली मी ‘४’ असा आकडा टाकला होता. एक प्रत हरवली तेव्हा चाराचे तीन केले, पण कोणती हरवली, ती कोणत्या किमतीची होती, कोणाकडे होती, हे सांगायला जागाच उरली नाही. काही पुस्तकांच्या प्रत्येक प्रतीला मी वेगळी ओळ दिली होती, काहींना दिली नव्हती, त्यामुळे फाइलमधली संख्या आणि दाखल नोंदवहीतली संख्या जुळेना. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचा अ, ब, क, ड वर्ग ठरताना ग्रंथसंख्याही पाहिली जाते. अशा ठिकाणी ‘आपल्याकडे किती पुस्तके आहेत’ या प्रश्नाची दोन उत्तरे येणे परवडणारे नसते.

उपाय म्हणजे दोन तक्ते. ‘ग्रंथ’ या तक्त्यात शीर्षक, भाषा, विषय. ‘प्रत’ या तक्त्यात दाखल क्रमांक, किंमत, खरेदीची तारीख, कपाट, स्थिती आणि ही प्रत कोणत्या ग्रंथाची आहे ते सांगणारा ग्रंथ क्रमांक. दाखल क्रमांक प्रत्येक प्रतीला वेगळा असतो, हे जुन्या नोंदवहीला कित्येक वर्षांपासून ठाऊक होते. संगणकाच्या भाषेत ओळख पटवणाऱ्या अशा रकान्याला प्रायमरी की म्हणतात, आणि दुसऱ्या तक्त्याकडे बोट दाखवणाऱ्या रकान्याला फॉरेन की. इथे दाखल क्रमांक ही प्रायमरी की आणि ग्रंथ क्रमांक ही फॉरेन की.

फोड झाल्यावर नकाशाकडे परत जाऊन ‘पुस्तक’ची एक चौकट पुसून दोन कराव्यात का? माझे मत असे की पुसू नये. त्या चौकटीशेजारी ‘ग्रंथ आणि प्रत’ अशी टीप लिहावी. वाचक जे पुस्तक मागायला येतो ते एकच असते, आणि नकाशा वाचकाची समज दाखवण्यासाठी आहे.

सहावी पायरी: क्रियापदाचे नाम करा

नकाशात ‘सभासद’ आणि ‘पुस्तक’ यांच्यामध्ये ‘नेतो’ असा बाण होता. डेटा मॉडेलमध्ये त्याचे काय करायचे? मी आधी प्रतीच्या तक्त्यात ‘कोणाकडे आहे’ असा रकाना केला होता. पुस्तक परत आले, दुसऱ्या सभासदाने नेले, की आधीचे नाव खोडून नवे लिहायचे. आज प्रत कोठे आहे हे त्यातून कळत असे, पण गेल्या वर्षभरात ती किती जणांनी नेली हे कायमचे पुसले जात असे.

नेण्याच्या क्रियेला स्वतःच्या तारखा आहेत. ज्या क्रियेबद्दल काही लिहून ठेवायचे असते, तिला स्वतःची ओळ लागते. म्हणजेच क्रियापदाचे नाम होते. पीटर चेन यांनी १९८३ मध्ये इंग्रजी वाक्यरचना आणि आपल्या आकृत्या यांची सांगड घालताना हेच दाखवले: सामान्यनामाची एन्टिटी होते, सकर्मक क्रियापदाचा संबंध होतो, आणि क्रियापदापासून बनलेले नाम म्हणजे संबंधाची झालेली एन्टिटी. मराठी ग्रंथपालांना यासाठी वेगळा शब्द शोधावा लागला नाही. ‘देवघेव’ हा शब्द त्यांच्या टेबलावरच्या पाटीवर आधीपासून लिहिलेला आहे.

देवघेवीच्या तक्त्यातली एक ओळ अशी दिसते: दाखल क्रमांक ४१८७, सभासद क्रमांक ३१२, नेल्याची तारीख १२ जून, परत केल्याची तारीख रिकामी. त्या रिकाम्या घराला अर्थ आहे: प्रत अजून सभासदाच्या घरी आहे. ती परत आली की तिथे तारीख पडते, ओळ मात्र जागेवर राहते. वेगळा ‘कोणाकडे आहे’ रकाना ठेवण्याची गरजच उरत नाही.

आता ‘पुस्तकाचा लेखक’. षष्ठीचा प्रत्यय पाहून इथे एक रकाना करण्याचा मोह होतो. परंतु एका ग्रंथाचे दोन लेखक असू शकतात, अनुवादित ग्रंथाला अनुवादकही असतो, आणि एके ठिकाणी अनुवादक असलेली व्यक्ती दुसरीकडे लेखक किंवा संपादक असते. नकाशात ‘लिहिते’, ‘अनुवाद करते’, ‘संपादन करते’ असे तीन बाण काढले होते. मॉडेलमध्ये ‘व्यक्ती’ आणि ‘ग्रंथ’ यांना जोडणारा एकच तक्ता झाला आणि ते तीन बाण त्यातल्या ‘भूमिका’ या रकान्यातली तीन मूल्ये झाली. नकाशाने जो फरक रेषेवर लिहिला होता, तो मॉडेलने घरात भरला.

सातवी पायरी: ‘किती’ आणि ‘कधी’ विचारा

प्रत्येक संबंधाला दोन्ही बाजूंनी ‘किती’ हा प्रश्न विचारावा. एका ग्रंथाच्या प्रती किती? अनेक. एक प्रत किती ग्रंथांची? एकाच. एक प्रत किती सभासदांकडे? इथे ‘एका वेळी’ हे शब्द जोडल्याशिवाय उत्तर देऊ नये: एका वेळी एकाकडेच, काळाच्या ओघात अनेकांकडे. संकल्पना नकाशा सहसा काळाबद्दल मौन पाळतो, त्यामुळे हे ‘एका वेळी’ त्यात निसटते. एका सभासदाला एका वेळी दोनच पुस्तके द्यायची, असा नियम असेल तर ‘पुस्तक १’ आणि ‘पुस्तक २’ असे रकाने करू नयेत. नियम उद्या बदलेल. तो नियम म्हणून वेगळा लिहावा.

मग प्रत्येक गोष्ट एकाच ठिकाणी लिहिली आहे ना, हे तपासावे. सभासदाचा फोन नंबर देवघेवीच्या प्रत्येक ओळीत असेल, तर तो बदलल्यावर काही ओळींत जुना आणि काहींत नवा राहतो. या छाननीला नॉर्मलायझेशन म्हणतात. सुरुवातीला एवढे पाळले तरी पुरे.

आठवी पायरी: मॉडेल नकाशासमोर धरा

दोन्ही कागद शेजारी ठेवून नकाशातल्या प्रत्येक बाणावर बोट ठेवा आणि तो मॉडेलमध्ये कोठे गेला ते शोधा. माझ्याकडे तीन बाण बेपत्ता निघाले. ‘गोडीमुळे वाचक सभासद होतो’ हा जाणूनबुजून सोडला, कारण तो खरा असला तरी नोंदवहीचा नाही. ‘वाचक वर्तमानपत्र वाचतो’ हा आमच्या केंद्रप्रश्नाबाहेरचा होता. तिसरा, ‘ग्रंथपाल शिफारस करतात’, हा मात्र सोडवेना. ग्रंथपालबाईंना दोन्ही कागद वाचून दाखवले तेव्हा त्या बराच वेळ नकाशाच्या त्या कोपऱ्यात पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “हे मी रोज करते, पण हे कुठे लिहायचं असतं, असं मला कधी वाटलंच नाही.” देवघेवीच्या तक्त्यात आम्ही ‘कोणी सुचवले’ हा एक ऐच्छिक रकाना वाढवला. सक्तीचा केला असता तर काउंटरवर गर्दी झाल्यावर त्यात काहीही भरले गेले असते.

दोन्ही कागदांवर तारीख टाकून ते एकाच फाइलमध्ये ठेवावेत. मॉडेल का असे आहे, हे पुढच्या माणसाला तक्ते पाहून कळत नाही. नकाशा आणि त्यावरच्या टिपा पाहून कळते.

सरावासाठी हेच उदाहरण मासिकांपर्यंत वाढवून पाहा. ‘मासिक’, ‘अंक’ आणि ‘दिवाळी अंक’ अशा तीन चिठ्ठ्या घ्या, त्या नकाशात बसवा, आणि मग चौथ्या पायरीतले तीन प्रश्न विचारा. ग्रंथ आणि प्रत यांची जोडी इथे तशीच लागू पडत नाही, कारण मासिक आणि हातातली प्रत यांच्यामध्ये ‘अंक’ ही तिसरी गोष्ट उभी राहते. आणि वर्षातून एकदाच निघणारा दिवाळी अंक ग्रंथासारखा नोंदवायचा की मासिकाच्या अंकासारखा, हे आपल्या ग्रंथपालांना विचारल्याशिवाय ठरवू नका.